विसर्जन न झालेला देव

माझं माहेर पंढरपूर तालुक्यातलं, वडील माळकरी. देव म्हणजे ज्याचं सगळं वेळच्या वेळी करावं लागतं तो, हीच माझी देवाची पहिली ओळख. पंढरीत विठ्ठलाला पहाटे काकडआरतीने उठवतात. मग पंचामृताची पूजा, दुपारी महानैवेद्य, ऊन उतरलं की पोशाख, तिन्हीसांजेला धूपारती आणि रात्री शेजारती. आषाढी-कार्तिकीच्या आधी देवाचा पलंग काढतात. त्या दिवसांत देव झोपत नाही, रात्रंदिवस दर्शन चालू असतं. वारी सरली की प्रक्षाळपूजा होते आणि उभं राहून शिणलेल्या देवाला काढा देतात. आई दरवर्षी त्या दिवशी म्हणायची, "दमला असेल गं." तिला त्यात कसलीही शंका नव्हती, मलाही नव्हती.

पुढे लग्न होऊन मी उरणला आले, शाळेत नोकरी लागली आणि काही वर्षांनी माझी बदली घारापुरी बेटावरच्या शाळेत झाली. तिथे मी असा देव पाहिला, ज्याचं कोणी काहीच करत नाही. त्याला पहाटे कोणी उठवत नाही, रात्री निजवत नाही. समोर दिवा नाही, नैवेद्य नाही, तीर्थ नाही. सकाळी साडेनऊच्या सुमाराला तिकीटखिडकी उघडते, संध्याकाळी बंद होते, आणि दर सोमवारी, महादेवाच्या वारी, लेण्यांना सुट्टी असते.

तेव्हापासून एक प्रश्न माझ्यामागे लागला आहे. आता निवृत्त होऊनही तो सुटलेला नाही. आपल्या पूजेत सोळा उपचार असतात, त्यातला पहिला आवाहन. गणपतीची मूर्ती घरी आणली की प्राणप्रतिष्ठा करायची, दिवस भरले की उत्तरपूजा करून अक्षता वाहायच्या, मूर्ती जागची हलवायची आणि मग पाण्यात सोडायची. ज्याला बोलावलं त्याला निरोप द्यायचा, ही साधी रीत. घारापुरीच्या डोंगरात सहाव्या शतकाच्या मध्याला कोणीतरी शिवाला बोलावलं. त्याची पूजा पुढे केव्हा थांबली ते कोणी लिहून ठेवलं नाही. पण उत्तरपूजा कोणी केली नाही, एवढं नक्की. विसर्जन झालं नाही. मग तो तिथे आहे की नाही?

हा प्रश्न ग्रंथालयात बसून पडलेला नाही, तो उरणच्या मोरा बंदराच्या बोटीत बसून पडलेला आहे. म्हणून आधी बेटाबद्दल सांगते.

मोऱ्याहून घारापुरी समोर दिसते, पण दिसणं वेगळं आणि पोचणं वेगळं. मोरा बंदरात गाळ फार. ओहोटी पुरी लागली की बोट धक्क्याला लागत नाही. त्यामुळे आमच्या शाळेची घंटा कागदावर घड्याळाची असली, तरी खरी भरतीची होती. बोटीत माझ्याबरोबर गॅसची टाकी, कांद्याची गोण, पाण्याच्या बाटल्यांचे खोके, बर्फाची लादी, आणि माहेरी जाऊन परतणारी एखादी बाळंतीण असायची. एका अंगाला न्हावा-शेव्याच्या बंदराच्या उंच क्रेन, दुसऱ्या अंगाला जवाहर द्वीपावर तेल उतरवणारी जहाजं, पलीकडे तुर्भ्याचा डोंगर. आता त्यात अटल सेतूचीही भर पडली आहे. या सगळ्याच्या मधोमध दोन टेकड्यांचं हिरवं बेट आणि त्यावर शेतबंदर, राजबंदर, मोराबंदर अशा तीन वाड्या. माणसं हजार-बाराशे. तालुका उरण, जिल्हा रायगड, पण रात्री समोर लखलखते ती मुंबई.

ती लखलख बेटावरच्या लोकांनी वर्षानुवर्षं काळोखात बसून पाहिली. जनरेटरवर संध्याकाळचे तीनेक तास दिवे लागायचे, मग गुडूप. समुद्राखालून साडेसात किलोमीटरची केबल टाकून तिथे कायमची वीज आली ती २०१८च्या फेब्रुवारीत. त्या आठवड्यात मुलं गृहपाठ करून आली होती आणि त्यातल्या एकीने मला मोठ्या अभिमानाने सांगितलं की तिने रात्री अकरा वाजता पाढे लिहिले. पाण्याचं मात्र अजून अवघड आहे. पावसाळ्यात डोंगरावरून धो धो वाहून जातं आणि वैशाखात हंडे घेऊन रांग लागते. चिखलात, तिवरांच्या मुळांशी बायका ओहोटीला कालवं फोडतात, चिंबोऱ्या धरतात. भात आता फारसं कोणी लावत नाही. बेटाचं पोट पर्यटनावर आहे. गेटवेहून तासाभराच्या लाँचने आलेली माणसं धक्क्यावर उतरतात, छोट्या आगगाडीत बसतात किंवा चालत येतात, मग सव्वाशेच्या आसपास पायऱ्या. त्या पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना निळ्या ताडपत्रीखाली दुकानं. दगडी गणपती, मण्यांच्या माळा, टोप्या. पायऱ्यांवर काकडी, कैरी, पेरू, बोरं घेऊन बसलेल्या बायका आणि त्यांच्यावर डोळा ठेवून असलेली माकडं. शेवटची लाँच सुटली की पर्यटकांपैकी कोणी बेटावर राहायचं नाही, असा नियम आहे. मग उरतात तीन वाड्या, कुत्री, माकडं आणि वर तो.

तो म्हणजे महेशमूर्ती. लोक तिला त्रिमूर्ती म्हणतात आणि ब्रह्मा-विष्णू-महेश समजून फोटो काढतात, पण तिन्ही मुखं शिवाचीच आहेत. सुमारे वीस फूट उंच, नुसता छातीपर्यंतचा भाग. मधलं मुख तत्पुरुषाचं, डोळे खाली झुकलेले, खालचा ओठ भरीव. बघणाऱ्याच्या डावीकडे अघोर. त्याला मिशा आहेत, कपाळाला आठी आहे आणि हातात नाग आहे. उजवीकडे वामदेव, म्हणजे जवळजवळ उमाच. हातात कमळ, चेहरा कोवळा. शैव परंपरा शिवाची पाच मुखं मानते. चौथं सद्योजात, ते पाठीमागे, म्हणजे डोंगराच्या आत. पाचवं ईशान, ते वर आणि कोरलेलं नाही. शिल्पकाराने दोन मुखं दगडातच राहू दिली. ती तिथे आहेत असं मानायचं.

हे कोणी करवून घेतलं? बेटावर कलचुरी राजा कृष्णराज याची तांब्याची नाणी पुष्कळ सापडली आहेत, आणि हा राजा आपल्या नाण्यांवर स्वतःला परममाहेश्वर म्हणवतो, म्हणून बरेच अभ्यासक त्याच्या काळाकडे बोट दाखवतात. पण लेण्यात कोणाचं नाव नाही. एक शिलालेख होता. १५३४ साली वसईबरोबर हा भाग पोर्तुगिजांकडे गेला, आणि त्यांच्यातल्याच एका इतिहासकाराने, दियोगो दो कूतोने, लिहून ठेवलं आहे की तो कोरीव दगड काढून पोर्तुगालच्या राजाकडे पाठवला, तिथे तो कोणाला वाचता आला नाही. पुढे तो हरवला. बंदरावर एक दगडी हत्ती होता, ज्याच्यावरून त्यांनी बेटाला एलिफंटा म्हटलं. त्याची मान १८१४ साली गळून पडली. नंतर इंग्रजांनी तो विलायतेला न्यायचा घाट घातला तेव्हा तो उचलताना पडला आणि त्याचे तुकडे झाले. ते तुकडे जोडून तो आज मुंबईत भायखळ्याच्या जिजामाता उद्यानात उभा आहे. लेण्यातल्या शिल्पांवर पोर्तुगीज शिपायांनी नेमबाजी केली असं सांगतात. पावसाच्या पाझराने खांब कोसळले ते वेगळंच. आजचे कितीतरी खांब पुरातत्त्व खात्याने नव्याने उभे केलेले आहेत. थोडक्यात, देव तिथे आहे, पण त्याच्याभोवतीची माणसांची सगळी खूण पुसलेली आहे. यजमान नाही, पुरोहित नाही, तिथी नाही, संकल्प नाही.

आता शास्त्राला विचारलं तर ते काय म्हणेल? खंडित मूर्ती पूजेला चालत नाही. पूजा फार काळ खंडली तर देवत्व राहत नाही, पुन्हा संस्कार करावे लागतात. कायद्याला विचारलं तर तोही जवळपास तेच सांगतो. एखादं स्मारक संरक्षित झालं तेव्हा तिथे पूजा चालू असेल तर ती चालू राहते, नसेल तर नव्याने सुरू करता येत नाही. हजार वर्षांपूर्वीचे आगम आणि १९५८चा कायदा इथे एका बाजूला उभे राहतात. दोघांच्याही लेखी घारापुरीच्या लेण्यात देव नाही, मूर्ती आहे.

माझ्या वर्गातल्या मुलांचं मत वेगळं होतं, पण ते त्यांनी कधी शब्दांत सांगितलं नाही. चित्रकलेच्या तासाला मी एकदा त्यांना "आपला शंकर" काढायला सांगितलं. त्यांनी नटराज काढला, कारण आत शिरताना तो आधी लागतो. लेण्यातल्या नटराजाचे बहुतेक हात तुटलेले आहेत, पायही गुडघ्याखाली नाहीत. मुलांनी तो तसाच काढला. हात अर्धे, पाय अर्धे. कोणीही पुरा करायचा प्रयत्न केला नाही. मुंबईहून मामाकडे आलेला एक मुलगा त्या दिवशी वर्गात बसला होता, फक्त त्याने चार हात, डमरू, नाग सगळं कॅलेंडरसारखं काढलं. आमची मुलं त्याच्या चित्राकडे पाहत राहिली. त्यांच्या डोळ्यांना तो शंकर ओळखीचा वाटत नव्हता. शास्त्र ज्याला खंडित म्हणतं, तो या मुलांना पुरा वाटत होता. त्यांनी त्याला दुसऱ्या कुठल्या रूपात कधी पाहिलाच नव्हता.

पण मग बेटावरचे लोक त्याची भक्ती करतात का? नवस बोलतात का? मी पायऱ्यांवर काकडी विकणाऱ्या एका मावशींना हे विचारलं होतं. त्या माझ्या दोन विद्यार्थ्यांच्या आजी. त्या म्हणाल्या, "बाई, तो आपला शेजारी हाय. शेजाऱ्याला कुनी नवस बोलतान का?" मग काकडीला मीठ लावत पुढे म्हणाल्या, "त्याला बघाचा. त्याच्याकरं मागाचा नाय. मागाला आई हाय."

आई म्हणजे एकवीरा, कार्ल्याची. आगरी-कोळ्यांचं कुलदैवत. चैत्रात सगळी वाडी निघते; बोटीने मोरा किंवा न्हावा, मग टेम्पो, मग लोणावळ्याजवळचा कार्ल्याचा डोंगर. तिथे नवस फेडायचे, ओटी भरायची, पालखीला खांदा द्यायचा, जागरण करायचं. आणि ही गोष्ट मला फार विचार करायला लावते, की एकवीरेचं देऊळ कार्ल्याच्या लेण्याच्या अगदी तोंडाशी आहे. आतमध्ये देशातलं सर्वांत मोठं कोरीव चैत्यगृह, दोन हजार वर्षांपूर्वीचं, लाकडी कमानींसकट उभं. त्याला तिकीट, त्याला पहारेकरी. बाहेर शेंदूर, नारळ, हळद, ढोल. घारापुरीचे लोक घरून निघतात तेव्हा एका अपूजित लेण्याच्या शेजारून निघतात आणि दुसऱ्या अपूजित लेण्याच्या शेजारी जाऊन हात जोडतात. मागायचा देव एकीकडे आणि बघायचा देव दुसरीकडे, ही व्यवस्था त्यांनी कुठल्या ग्रंथातून घेतलेली नाही.

माझ्या माहेरच्या संस्काराला हे सहज पटण्यासारखं नव्हतं. वारकरीही विठ्ठलाकडे काही मागत नाही. वडिलांनी आयुष्यात एक नवस केला नाही. पण ते विठ्ठलाची सेवा करत. सेवा आणि मागणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काकडा, नैवेद्य, शेजारती यांत देवाला काही मिळतं की नाही ते देव जाणे, पण करणाऱ्याचा हात रोज कोणासाठी तरी हलतो, आणि हाताची ही सवय माणसाला माणूस ठेवते असं मी मानते. घारापुरीत ही सेवा नाही, याचं मला सुरुवातीला वाईट वाटायचं. पुढे नीट पाहायला लागले तेव्हा दिसलं की सेवा आहे. सकाळी लेणं उघडल्यावर झाडणारे हात आहेत, वटवाघळांची घाण काढणारे आहेत, पावसाळ्याआधी डोंगरावरचे चर मोकळे करणारे आहेत, म्हणजे पाझर आत उतरू नये. बहुतेक बेटावरचीच माणसं. त्यांच्या हजेरीपत्रकावर मजुरी लिहिलेली असते. पण भागवतधर्मात सडासंमार्जनाला फार मोठं स्थान आहे, देवळाचं अंगण झाडणं ही पूजाच आहे. झाडणाऱ्याच्या मनात काय असतं ते मी विचारलं नाही. वडिलांनाही कधी विचारलं नव्हतं.

पण माझा मूळ प्रश्न यानेही सुटत नाही. त्यासाठी मला पुन्हा ज्ञानदेवांकडेच जावं लागलं. अमृतानुभवाच्या नवव्या प्रकरणात त्यांनी एक दाखला दिला आहे. एकाच डोंगरात देव, देऊळ आणि देवाचा परिवार असं सगळं कोरून काढता येतं, तर एकच एक असताना भक्तीचा व्यवहार का होऊ नये, असा त्याचा आशय. अद्वैत झालं तर भक्ती कोण कोणाची करणार, या शंकेचं ते उत्तर आहे. हे मी घरात प्रवचनात लहानपणापासून ऐकलं होतं, पण तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर देऊळ यायचं ते बांधलेलं. घारापुरीच्या लेण्यात पावसाच्या दिवसांत, पर्यटक नसताना, मुलांना घेऊन उभी होते तेव्हा त्या दाखल्याचा दगड पहिल्यांदा दिसला. द्वारपाल, खांब, छत, देव आणि त्याच्याभोवतीचे उडते गंधर्व, सगळं एकच काळा कातळ.

आणि तिथेच मला त्या दाखल्याच्या पुढे जावंसं वाटलं. त्या कातळात नुसता भक्तपरिवार नाही. पूर्वेच्या बाजूला कैलास हलवणारा रावण आहे, तोही त्याच दगडाचा. पश्चिमेला अंधकासुराला मारणारा शिव आहे. मारणाराही तोच दगड. देवाचा वैरीही देवापासून वेगळा काढता आलेला नाही. एवढंच नाही, बांधलेल्या देवळात दगड बाहेरून आणतात आणि एकावर एक रचतात. लेण्यात काहीच आणत नाहीत, नुसतं काढून टाकतात. आज ज्या मोकळ्या मंडपात आपण उभे राहतो ती सगळी जागा काढून टाकलेल्या दगडाची आहे. एकेका बाजूला सव्वाशे फुटांहून जास्त. महेशमूर्तीला कोणी तिथे आणून बसवलं नाही. तिच्या भोवतीचं जे ती नव्हतं ते काढलं, आणि ती राहिली.

मग आवाहन कोणाचं करणार? आवाहन दुसरीकडे असणाऱ्याचं होतं. "ये" म्हणायला तो कुठेतरी दूर असावा लागतो. हा तर डोंगरात होताच. आणि ज्याला बोलावलं नाही त्याचं विसर्जन कसं करायचं? डोंगर कुठल्या पाण्यात सोडायचा? माझा प्रश्नच चुकीच्या जागी उभा आहे की काय, असं मला वाटू लागलं.

पण लेण्याने इतकं सोपं उत्तरही मला घेऊ दिलं नाही. उत्तरेच्या वाटेने आत आलं की समोर महेशमूर्ती दिसते. पण उजव्या हाताला, पश्चिमेकडे, चार दारांचा एक चौकोनी गाभारा आहे, प्रत्येक दाराशी दोन द्वारपाल, आणि आत शिवलिंग. हे लिंग लेण्याच्या कातळाचं नाही. दगड वेगळा आहे, कण बारीक, पोत घट्ट. ते बाहेरून आणून तिथे बसवलं आहे. म्हणजे त्याची स्थापना झाली असणार, आवाहन झालं असणार. एका छताखाली दोन देव आहेत. एक राहिलेला आणि एक आणलेला.

लोकांना हा फरक कळतो, असं मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. लेण्यात चपला घालून हिंडायला मनाई नाही. महेशमूर्तीसमोर माणसं चपला घालून उभी राहतात, मान वर करतात, गप्प होतात. हात जोडणारी त्यातली थोडीच. तीच माणसं लिंगाच्या गाभाऱ्याच्या पायरीशी आली की कोणी न सांगता चपला काढतात. नाणी ठेवतात, कपाळ टेकतात. महाशिवरात्रीला मोरा, न्हावा आणि आजूबाजूच्या गावांहून बोटी भरभरून येतात, बेल आणि दूध घेऊन बायका रांगेने याच गाभाऱ्याकडे जातात. वर्षातून तेवढा एक दिवस त्या लिंगाचं काहीतरी होतं. परत जाताना त्या महेशमूर्तीसमोर क्षणभर थांबतात. तिथे बेल वाहत नाहीत. वाहायचा तरी कुठे? ती मूर्ती छातीपासून सुरू होते, तिला पाय नाहीत. विठ्ठलाच्या पायांची झीज हातांच्या आणि डोक्यांच्या स्पर्शाने झाली, त्यावर वज्रलेप करावे लागले. या देवाला पायच दिलेले नाहीत. ज्याचे पाय धरता येत नाहीत त्याच्याशी आपलं नातं काय, हा प्रश्न शिल्पकाराने चौदाशे वर्षांपूर्वी ठरवून ठेवलेला आहे, असं मला वाटतं. त्याला शरण जाता येत नाही. त्याच्यासमोर फक्त राहता येतं.

हे सगळं शांत मनाने लिहिता येतं. पण १८ डिसेंबर २०२४च्या संध्याकाळी मी उरणच्या घरात होते, आणि गेटवेहून घारापुरीकडे निघालेली लाँच दुसऱ्या वेगवान बोटीची धडक बसून बुडाल्याची बातमी आली. पंधरा माणसं गेली, त्यांत लहान मुलंही होती. वाचलेल्या काहींना आमच्या इकडच्या दवाखान्यांत आणलं. मी ओळखीच्या घरी फोन लावत होते, आणि फोन लागेपर्यंत माझ्या तोंडात एकच नाव होतं, विठ्ठलाचं. शेजारच्या घरात एकवीरेला हाक मारत होते. महेशमूर्ती त्या क्षणी माझ्या मनात आली नाही. ज्या बेटाकडे ती माणसं निघाली होती, जो देव बघायला निघाली होती, त्या देवाला मी हाक मारली नाही. हाक म्हणजे आवाहनच. पाण्यात कोणी बुडत असताना "तो आहेच, कुठून येणार" या विचाराने माझं भागत नाही. मला येणारा देव लागतो, धावणारा लागतो, ज्याला दमायला होतं तो लागतो. त्या रात्री मला आईच्या काढ्याचा अर्थ लागला. जो आपल्यासाठी उभा राहतो तो दमणार, हे तिने ओळखलं होतं.

मग घारापुरीचा देव कमी ठरला का? मी तसं म्हणणार नाही. काही महिन्यांनी मी पुन्हा गेले. लाँच नेहमीसारख्या चालू झाल्या होत्या, आता प्रत्येकाच्या अंगात नारिंगी जाकीट होतं. मी अघोर मुखासमोर उभी राहिले. इतकी वर्षं मुलांना मी ते पटकन दाखवून कमळवाल्या मुखाकडे नेत असे, लहान मुलं घाबरतात म्हणून. मिशीखालचं ते उघडं तोंड, तो नाग. मधल्या शांत मुखाला ते चिकटूनच आहे, मान एकच आहे. अपघाताचं कारण काय आणि देवाने हे का होऊ दिलं, यावर ते मुख काही सांगत नाही. मीही विचारलं नाही. पण तिथे उभं राहून रागावता येत होतं. पंढरीत मला विठ्ठलावर रागावता आलं नसतं, त्याने इतकं केलेलं आहे. इथे येत होतं. ज्याचं मी कधी काही केलं नाही आणि ज्याने माझ्यासाठी धावायचं कबूल केलेलं नाही, त्याच्यासमोर माझा राग खोटा ठरत नव्हता, कृतघ्न ठरत नव्हता. त्याला तो लागतही नव्हता. मी बराच वेळ थांबले. पहारेकरी ओळखीचा, माझा जुना विद्यार्थी. त्याने शिट्टी वाजवली नाही.

लेण्यांमध्ये पुन्हा रोजची पूजा सुरू करावी असं अधूनमधून कोणी ना कोणी म्हणतं. म्हणणाऱ्यांची श्रद्धा खरी असते, मी त्यांच्याशी वैर धरणार नाही. पण माझा विरोध आहे, आणि तो कायद्यासाठी नाही. येणारा, जेवणारा, झोपणारा, दमणारा देव या महाराष्ट्रात गावोगाव आहे. त्याच्याशिवाय माझं चालत नाही, हे मी वर सांगितलंच. जो नुसता राहिलेला आहे असा मात्र एखादाच आहे. त्याला घड्याळाला बांधलं, दारात पावतीपुस्तक ठेवलं, गुरुजींच्या पाळ्या लावल्या, तर काकडीवाल्या मावशींचा शेजारी जाईल आणि त्यांना आणखी एक मालक मिळेल. शिवाय शास्त्राप्रमाणे करायचं तर खंडिताची प्रतिष्ठा होत नाही. आधी त्याला दुरुस्त करावं लागेल. नटराजाला नवे हात बसवावे लागतील, पाय जोडावे लागतील, आणि शेतबंदरच्या मुलांना त्यांचा शंकर नव्याने काढायला शिकवावा लागेल.